मनोमिन आणि ‘वाइल्ड राइस’ : गळणारा दाणा, न गळणारा दाणा

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या दुकानात एकाच फळीवर दोन पाकिटं शेजारी शेजारी दिसतात. एकातला दाणा लांब, काळाकुळकुळीत, तुकतुकीत. दुसऱ्यातला तपकिरी, मधूनच हिरवट-करडा, आणि एक दाणा दुसऱ्यासारखा नाही. दोन्हींवर नाव एकच, ‘वाइल्ड राइस’. दुसरं पाकीट चांगलंच महाग. नवखा माणूस पहिलं उचलतो, कारण स्वस्त आहे आणि रंगावरून तेच जास्त रानातलं वाटतं.

खरं तर आहे उलटं. काळा दाणा बांध घातलेल्या खाचरात पेरलेला आणि यंत्राने कापलेला असतो. तपकिरी दाणा तळ्यात आपोआप उगवतो आणि होडीत बसून काठ्यांनी झाडून घेतला जातो. तिथले मूळनिवासी ओजिब्वे लोक ज्याला मनोमिन म्हणतात तो हाच.

आधी एक गोंधळ दूर करू. हा तांदूळ नव्हे. आपल्याकडचा भात ‘ओरायझा’ प्रजातीतला आणि हे गवत ‘झिझानिया’ प्रजातीतलं. फार तर चुलत भावंडं म्हणता येतील. ईशान्य भारतातून येणारा काळा तांदूळ मात्र खरोखरचा तांदूळ आहे, त्याचा या दोन पाकिटांशी संबंध नाही. मनोमिन आणि पाकिटातला काळा वाइल्ड राइस यांचं उलट आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने दोन्ही एकाच जातीचे, ‘झिझानिया पॅलस्ट्रिस’. मग वेगळं काय, असं कुणी विचारलं तर मी एकच गोष्ट सांगेन : तळ्यातला दाणा पिकला की गळतो, खाचरातला गळू नये म्हणून निवडून निवडून तयार केलेला आहे. बाकीचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

तळ्यातल्या रोपाचं वर्ष असं जातं. दरवर्षी ते बियांपासूनच उगवतं. उन्हाळ्याच्या शेवटी लोंबीतले दाणे वरून खाली, काही दिवसांच्या अंतराने पिकत जातात आणि पिकला तो पाण्यात पडतो. दाण्याला लांब, खरखरीत कुसळ असतं. ते त्याला तळाच्या चिखलात रुतवून ठेवायला मदत करतं. मग वरचं पाणी गोठतं. तीन-चार महिने थंड पाण्यात पडून राहिल्याशिवाय हे बी उगवतच नाही, आणि वाळलं तर मरतं. वसंतात कोंब येतो, जूनच्या सुमारास पानं पाण्यावर सपाट पसरतात आणि त्यानंतर दांडा पाण्याबाहेर उभा राहतो. गुडघ्याएवढं ते कमरेएवढं, हलकी ओढ असलेलं स्वच्छ पाणी त्याला मानवतं. शिवाय सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही. काही दाणे चिखलात वर्षानुवर्षं थांबून राहतात, म्हणून एखादा वादळी हंगाम पीक घेऊन गेला तरी तळं रिकामं होत नाही.

ओजिब्वेंची जुनी सांगी इथूनच सुरू होते. हे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. पूर्वेला अटलांटिकच्या बाजूला राहत असताना त्यांना भविष्यवाणी झाली की पश्चिमेला चालत राहा, जिथे अन्न पाण्यावर उगवतं तिथे थांबा. मजल दरमजल करत ते गिचिगामीपाशी, म्हणजे लेक सुपीरियरपाशी आले आणि तिथे तळ्यांमध्ये मनोमिन उभं होतं. आजही त्यांची वस्ती याच पट्ट्यात आहे : मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आणि सीमेपलीकडे कॅनडातलं ओंटारिओ व मॅनिटोबा. शेजारच्या मेनोमिनी जमातीचं नावच या धान्यावरून पडलं. फ्रेंच व्यापाऱ्यांनी मात्र याला ‘वेडे ओट’ म्हटलं.

कापणीचा महिना आपल्या भाद्रपदाच्या आसपास येतो. त्या चांद्रमासाला ओजिब्वे भाषेत ‘मनोमिनिके-गीझिस’ म्हणतात, मनोमिन गोळा करण्याचा चंद्र. होडीत दोघं असतात. एक मागे उभा राहून दुबेळक्याच्या लांब बांबूसारख्या काठीने होडी रेटतो. वल्हं चालत नाही, त्याने मुळं उपटतात. दुसरा बसलेला असतो आणि त्याच्या दोन हातांत देवदाराच्या जातीच्या हलक्या लाकडाच्या दोन काठ्या असतात. एका काठीने तो दांडे होडीवर वाकवतो, दुसरीने लोंबीवरून हलकेच फटका सरकवत नेतो. जोर लावायचा नाही. पिकलेला दाणा तेवढ्याने होडीत पडतो, कच्चा जागेवर राहतो आणि बराचसा पिकलेला दाणा होडीबाहेर पाण्यात जातो. तो वाया गेला असं कुणी मानत नाही. ती पुढच्या वर्षाची पेरणी असते. चार-पाच दिवसांनी त्याच तळ्यावर परत यायचं, तोवर कच्चे दाणे पिकलेले असतात.

मिनेसोटाच्या कायद्याने ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे. काठ्या गोल आणि गुळगुळीत लाकडाच्या हव्यात, ३० इंचांपेक्षा लांब नकोत, प्रत्येकीचं वजन एका पौंडाच्या वर नको. होडी १८ फुटांपेक्षा लांब आणि ३६ इंचांपेक्षा रुंद नको. सरकारी नियमावलीत लोकांचं शहाणपण इतकं नेमकं उतरलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

पूर्वी कापणीच्या काही आठवडे आधी बायका होडीतून जाऊन उभे दांडे जुडग्या-जुडग्यांनी बांधत. त्यासाठी बासवुड नावाच्या झाडाच्या सालीचे दोर वापरत. त्यामुळे पाखरांपासून दाणे वाचत आणि कुठलं जुडगं कुणाच्या घरचं हेही कळे. तळं कधी उघडायचं ते जाणती माणसं ठरवत. त्याआधी कुणी होडी घालायची नाही. आणि पहिली होडी घालण्याआधी पाण्याला चिमूटभर तंबाखू वाहायची. ती रीत आजही सुटलेली नाही.

घरी आणलेला ओला माल म्हणजे अर्धंच काम. आधी तो पसरून वाळवायचा. मग लोखंडी काहिलीत मंद आचेवर, वल्ह्यासारख्या पळीने हलवत भाजायचा. भाजल्याने दाणा टिकतो आणि फोल कडक होतं. मग जमिनीत खळगा करून त्याला लाकडाचं अस्तर द्यायचं, त्यात दाणे ओतायचे आणि नव्या, स्वच्छ मोकासिन (मऊ कातड्याची पादत्राणं) घातलेल्या कुणीतरी दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून त्यावर हलक्या पावलांनी नाचायचं. अंगाचा भार दाण्यावर पडला तर तो तुटतो, म्हणून हे काम बहुधा पोरासोरांकडे येई. शेवटी बर्चच्या सालीच्या सुपात घेऊन वाऱ्यावर पाखडायचं. ज्या घरात अजून सूप आहे तिथल्या माणसाला ही हालचाल न सांगता कळेल. एवढं होईस्तोवर ओल्या मालाचं वजन निम्म्यावर आलेलं असतं. कुसळं गळ्यात-मनगटात टोचून खाज सुटलेली असते ती वेगळीच. दाण्यांत राहणाऱ्या अळ्याही चावतात.

हे सगळं वर्षाच्या चक्रात बसलेलं होतं. वसंताच्या तोंडाशी साखरेच्या मेपलांच्या राईत जाऊन रस आटवायचा, मग मासे, उन्हाळ्यात बेऱ्या आणि लहानशा बागा, शरदात मनोमिन. बर्फ पडला की कुटुंबं शिकारीसाठी पांगत आणि रात्री ओजिब्वे कथांचा नायक नानाबोझो याच्या गोष्टी सुरू होत; त्या बर्फ असतानाच सांगायच्या असतात. सालीच्या डब्यांत साठवलेलं मनोमिन या हिवाळ्याचं पोट भरी. कधी हरणाच्या मांसाबरोबर, कधी माशांच्या रश्श्यात, कधी नुसतं मेपलची साखर घालून.

आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगर न लागलेल्या जागी, आपलं आपण उगवलेलं तेवढंच त्या दिवशी चालतं. तोही भाद्रपदच. ज्या आजीने ते व्रत मनापासून केलं असेल तिला या दोन पाकिटांतला फरक एका वाक्यात कळेल. आपल्याकडे तो नियम एका दिवसापुरता आहे. ओजिब्वेंचा अख्खा हिवाळा अशा अन्नावर निघत असे.

आता काळ्या दाण्याचं पाकीट. हे धान्य विकायला लागल्यावर गळणारा दाणा ही अडचण झाली. १९५० मध्ये मिनेसोटातल्या मेरिफिल्ड गावाजवळ पहिल्यांदा बांध घालून, पाणी कोंडून एका लहान खाचरात हे पीक घेतलं गेलं. पण दाणे थोडे थोडे पिकणार आणि पिकले की पडणार, मग यंत्र आणायचं कधी? १९६३ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना अशी झाडं सापडली ज्यांचा दाणा पिकूनही लोंबीला धरून राहतो. त्यांपासून वाण तयार झाले आणि पीक शेतकऱ्याच्या हातात आलं. उन्हाळ्याच्या अखेरीला खाचरातलं पाणी काढून टाकायचं, जमीन वाळू द्यायची आणि कम्बाइन घालायचं. मोठ्या कंपन्यांची मागणी आली, एकरं वाढली. १९७७ मध्ये मिनेसोटाने वाइल्ड राइसला राज्याचं धान्य म्हणून जाहीर केलं आणि १९८० च्या दशकात उत्पादनात कॅलिफोर्निया पुढे गेलं. कॅलिफोर्नियात हिवाळा तेवढा कडक नसतो, म्हणून तिथलं बियाणं थंड पाण्यात साठवून ठेवावं लागतं. गोठलेल्या तळ्याचं काम शीतगृह करतं.

काळा रंगही या प्रक्रियेतूनच येतो. यंत्राने आलेला ओला माल काही दिवस ढिगांत, पाणी मारत आणि उलटत ठेवतात, म्हणजे सगळे दाणे एकसारखे काळे होतात. मग तो मोठ्या पिंपांत वाळवून भाजतात. दाणा कडक होतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि शिजायला पाऊण ते एक तास घेतो. हाताने भाजलेलं तळ्यातलं मनोमिन वीस मिनिटांत उमलतं. चवीतही फरक आहे. काळ्याला टरफलाचा कडकपणा आणि चहासारखी तुरट छटा. मनोमिनला धुराचा वास, सुकामेव्याची आठवण आणि प्रत्येक तळ्याची आपली चव. दोन तळ्यांचे दाणे लांबीला, रंगाला, पिकण्याच्या तारखेला वेगळे असतात, कारण तिथे कुणी निवड केलेली नाही.

शेतातल्या पिकाला मी वाईट म्हणत नाही. त्याच्यामुळेच हे धान्य सामान्य घरात पोचलं, आणि चौदा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं अन्न कुणाला नको असेल? माझा आक्षेप नावाला आहे. पेरलेल्या, खत घातलेल्या, यंत्राने कापलेल्या पिकाला ‘वाइल्ड’ म्हणायचं आणि वर पाकिटावर होडीतल्या दोन आदिवासींचं चित्र छापायचं, हे १९८० च्या दशकात घडलं. कॅलिफोर्नियात पिकलेला माल तसल्या वेष्टनात विकणाऱ्या एका कंपनीवर ओजिब्वे माणसांनी दावा लावला आणि शेवटी समझोता झाला. तळ्यातल्या मालाचा भाव त्या स्वस्त पिकामुळे पडला होता, आणि कापणीच्या पैशांवर शाळेचे कपडे घेणाऱ्या घरांना ते भोवलं होतं. मिनेसोटात आता खाचरातल्या मालावर तसं लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. इतर राज्यांत घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी : ‘लेक’, ‘हँड हार्वेस्टेड’, ‘वुड पार्च्ड’ हे शब्द शोधावेत आणि कुठल्या जमातीचा माल आहे ते पाहावं.

नावाच्या मागे हक्काचा प्रश्न आहे. १८३७ च्या करारात ओजिब्वेंनी मोठा प्रदेश अमेरिकेच्या सरकारला दिला, पण त्या जमिनीवर शिकार, मासेमारी आणि वाइल्ड राइस गोळा करण्याचा हक्क पाचव्या कलमात लिहून घेतला. धान्याचं नाव करारात आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिल लॅक्स जमातीच्या खटल्यात तो हक्क अजून जिवंत आहे असं सांगितलं. पण हक्काने तळ्यावर गेलं आणि तळ्यात धान्यच नसलं तर? जूनमध्ये पानं पाण्यावर तरंगत असताना धरणाने पाणी फूटभर चढवलं तर रोपं उपटून वर येतात. खाणींच्या सांडपाण्यातलं सल्फेट चिखलात गेलं की त्याचं सल्फाइड होतं आणि मुळं मरतात. म्हणून मिनेसोटात वाइल्ड राइसच्या पाण्यासाठी लिटरला १० मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा १९७३ पासून आहे, आणि ती पाळण्यावरून भांडण अजून चालू आहे. २०१८ मध्ये व्हाइट अर्थ या ओजिब्वे जमातीने तर मनोमिनलाच कायद्याने हक्क दिले : उगवण्याचा, वाढण्याचा, स्वच्छ पाण्याचा. खाचरातल्या वाणासाठी असा कायदा कुणी मागणार नाही; त्याला पाणी शेतकरी देतो आणि बी शीतगृहातून येतं.

घरी दोन्ही करून पाहायचे असतील तर वेगवेगळ्या भांड्यांत करा. मिसळून शिजवले तर मनोमिनचा गिच्चा होतो आणि काळा दाणा दाताखाली कडकच राहतो. मनोमिन दोन-तीनदा धुवा, चौपट पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि पंधराव्या मिनिटापासून लक्ष द्या. दाणा फुटून आतला करडा-पांढरा भाग दिसला की उतरवा आणि उरलेलं पाणी ओतून टाका. कितीही जपून ठेवलात तरी तो पेरून उगवणार नाही, तो भाजलेला आहे. उगवायचा दाणा होडीबाहेर पडला होता. तो या घटकेला बर्फाखाली, चिखलात कुसळ रोवून पडला असेल.