डोनट

मैद्याचे गोडसर पीठ तेलात तळून केलेला, बहुधा मधोमध भोक असलेला पदार्थ. तो अमेरिकेची खूण मानला जात असला, तरी तो तेथे डच वसाहतकऱ्यांबरोबर गेला. न्यू ॲमस्टरडॅममध्ये (आजचे न्यूयॉर्क) ते ‘ओलीकूक’ नावाचे भरीव गोळे चरबीत तळत. भरीव गोळ्याची कड लाल होते, तरी गाभा कच्चाच राहतो. अमेरिकेच्या मेन राज्यातील खलाशी हॅन्सन ग्रेगरी याने १८४७ मध्ये जहाजावर हा गाभाच कापून टाकल्याचे सांगितले. श्रेयाबद्दल वाद असला, तरी उपाय बिनचूक आहे.

यीस्टच्या डोनटसाठी ५०० ग्रॅम मैदा, २४० मिलि. कोमट दूध, १ अंडे, साखर व लोणी प्रत्येकी ६० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम आणि मीठ ७ ग्रॅम घेतात. ताणल्यावर पातळ पापुद्रा होईपर्यंत १०–१२ मिनिटे मळतात. पीठ दुप्पट फुगले की सुमारे १२ मिमी. जाड लाटून कापतात व पुन्हा ३०–४० मिनिटे ठेवतात. खरी कसोटी येथेच लागते. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून यावा. तो लगेच उसळला, तर पीठ अजून तयार नाही. तसाच राहिला, तर ते जास्त फुगले आहे आणि तळताना बसणार. प्रत्येक डोनट बेकिंगच्या कागदाच्या चौकोनावर ठेवून कागदासकट तेलात सोडावा. हाताने उचलल्यास हवा निघून जाते. तेल १८० अंश सेल्सिअस, प्रत्येक बाजूस सुमारे एक मिनिट. तेल थंड असेल तर डोनट तेल पितात, फार तापले तर आत कच्चे राहतात. डोनटच्या कमरेभोवतीचा फिकट पट्टा नीट फुगल्याची खूण होय.

केक डोनटमध्ये यीस्टऐवजी बेकिंग पावडर असते. हे पीठ जास्त मळल्यास डोनट चिवट होतो.

पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रान्समधील आघाडीवर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या हेलन पर्व्हियन्स व मार्गारेट शेल्डन यांनी सैनिकांसाठी डोनट तळले. लाटण्याऐवजी दारूची बाटली वापरली. घरची चव खंदकांपर्यंत पोचवण्याचे हे काम मोलाचे होते. त्यांच्या स्मरणार्थ १९३८ पासून जूनचा पहिला शुक्रवार डोनट दिन असतो. पुढे १९७० च्या दशकात कंबोडियातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी कॅलिफोर्नियात या धंद्यात पाय रोवले. कुटुंबातल्या सगळ्यांनी मिळून दुकान चालवायचे आणि नव्याने आलेल्या नातेवाइकांनाही तेच काम शिकवायचे, अशी ही साखळी वाढली. लॉस एंजेलिस परिसरातील स्वतंत्र डोनट दुकानांपैकी बहुतेक त्यांच्याच हाती आली.