कॅन्सर मारणारं औषध आणि कॅन्सर टाळणारं औषध

'समुद्री जीवात सापडलं कॅन्सरवर औषध' अशी बातमी अधूनमधून झळकते. आत वाचलं तर प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मेल्या, एवढंच असतं. त्यावरून तो पदार्थ कॅन्सर टाळतो असं समजणं चूक आहे, आणि ही चूक मला धोक्याची वाटते.

सायटाराबिन या कॅन्सरच्या औषधाचंच बघा. 1950च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजात रसायनशास्त्रज्ञ वर्नर बर्गमन यांना वेगळ्याच घडणीची न्यूक्लिओसाइड्स (डीएनए ज्यांपासून बनतो तसले घटक) सापडली. त्याच धर्तीवर हे औषध बनलं आणि 1969 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात. विभाजनाच्या तयारीतल्या पेशीच्या डीएनएमध्ये ते खोटा घटक म्हणून शिरतं आणि डीएनएची नवी प्रत बनणं अडवतं. पण अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही सतत विभागत असतात, त्याही मरतात. जिवावर बेतलेला रुग्ण हे सोसतो. धडधाकट माणसाला ते कोण देईल?

प्रतिबंधक औषध धडधाकट माणसाने वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. या कल्पनेला 1976 साली संशोधक मायकेल स्पॉर्न यांनी 'केमोप्रिव्हेन्शन' हे नाव दिलं. इथे चाचणीच निराळी. उंदराच्या कातडीवर आधी पेशीत बिघाड करणारं रसायन लावतात, मग गाठी वाढवणारं दुसरं, जे मुळात जमालगोट्याच्या तेलातलं (हो, तोच जुलाबाचा जमालगोटा!). या दुसऱ्या रसायनाच्या आधी परीक्षेतला पदार्थ लावून गाठी किती कमी आल्या ते मोजायचं. सार्कोफायटन या मऊ प्रवाळातला सार्कोफायटॉल-ए हा पदार्थ आणि लाल समुद्रातल्या त्याच प्रवाळाच्या सार्कोफाइन या पदार्थापासून केलेलं डायॉल नावाचं संयुग, दोन्ही या परीक्षेत उतरले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. दोन्हींपैकी एकही माणसांसाठी प्रतिबंधक औषध म्हणून मान्य झालेलं नाही, आणि इथे घाई नको असं मी ठामपणे म्हणेन. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीन या गाजरातल्या रंगद्रव्याची चाचणी झाली, ते कॅन्सर टाळेल या आशेने. 1994 साली निकाल आला: ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला होता.

समुद्रातून येणाऱ्या, आपल्या घराघरांत पोचलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचीही अशीच परीक्षा झाली. अमेरिकेत 25,871 जणांवर, पाच वर्षांहून अधिक काळ. 2018च्या निकालात या तेलातलं ओमेगा-3 घेणाऱ्यांत कॅन्सर कमी झालेला दिसला नाही.