थ्रीडीएस का अडखळला? हातातल्या गेमची पार्श्वभूमी

२८ जुलै २०११ रोजी निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने तिमाहीचे निकाल जाहीर केले आणि त्याच दिवशी थ्रीडीएस या हातात धरून त्रिमितीत खेळायच्या गेम यंत्राची किंमत उतरवत असल्याचे सांगितले. यंत्र बाजारात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. जपानमध्ये २५,००० येनचा थ्रीडीएस १५,००० येनवर आला, अमेरिकेत २४९.९९ डॉलरचा १६९.९९ वर. गेम कन्सोल स्वस्त होतात, पण वर्ष-दोन वर्षांनी, पहिला भर ओसरल्यावर. इथे तो भर आलाच नव्हता. २६ फेब्रुवारीला जपानमध्ये आणि मार्चच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत यंत्र आले, तेव्हा मार्चअखेरपर्यंत ४० लाख विकण्याचे लक्ष्य होते. विकले गेले ३६ लाख. ही तूट फार मोठी नव्हती. खरा धक्का पुढे बसला. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत साऱ्या जगात मिळून फक्त ७ लाख १० हजार यंत्रे खपली.

कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला आणि इतर संचालकांनीही कपात स्वीकारली. वर्षाच्या नफ्याचा अंदाज ११० अब्ज येनवरून २० अब्जांवर खाली आणला गेला. प्रत्यक्षात मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात नफा राहिला बाजूला, ४३ अब्ज येनचा तोटा झाला. तीस वर्षांत या कंपनीवर अशी वेळ आली नव्हती.

नाशिकच्या बाजारात या घडामोडींची साधी चाहूलही लागली नाही, कारण थ्रीडीएस इथल्या दुकानांत आलाच नव्हता. पण तो का अडखळला हे समजून घ्यायला नाशिक ही चांगली जागा आहे. खास गेमसाठी वेगळे यंत्र का घ्यायचे, हा प्रश्न जपानी आणि अमेरिकन घरांत २०११ च्या सुमारास उभा राहिला. आमच्याकडे तो पहिल्यापासून होता. हातातल्या गेमचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो असे मला वाटते, म्हणून थोडे मागे जाऊ.

१९८० मध्ये निन्टेन्डोने ‘गेम अँड वॉच’ आणला. खिशात मावणारे यंत्र, त्यात एक गेम आणि एक घड्याळ. ते घडवणारे गुन्पेई योकोई यांना ही कल्पना रेल्वेत सुचली असे सांगतात. समोर बसलेला एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ काढत होता. कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांत तेव्हा जोरदार चढाओढ चालू होती आणि त्यामुळे एलसीडीचे पडदे स्वस्त झाले होते. योकोईंनी तेच पडदे खेळासाठी वापरले. नव्यातले नवे तंत्र शोधत बसण्यापेक्षा जुने झालेले, स्वस्त झालेले, ज्याचे गुणदोष पक्के माहीत झालेले तंत्र वेगळ्याच कामाला लावायचे, ही त्यांची कामाची पद्धत होती. गेम अँड वॉचची चार कोटींहून अधिक यंत्रे खपली.

त्याच पद्धतीने २१ एप्रिल १९८९ रोजी गेम बॉय आला. किंमत १२,५०० येन. पडदा पिवळट हिरवा, मागून उजेड नाही, रंग नाहीत. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत आणि उजळ पडदा घेऊन आला होता आणि पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला. दोन्ही यंत्रे दिसायला कितीतरी देखणी होती. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा आणि गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. मुलाच्या हातात यंत्र असते आणि सेलचे पैसे आईबाप देतात, हे ज्याला कळले तो जिंकला. शिवाय अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच टेट्रिस हा ठोकळे रचायचा खेळ यायचा आणि तो मुलांइतकाच मोठ्यांनाही लागला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८६ लाख यंत्रे विकली गेली.

आमच्याकडे गेम बॉय पाहिला तो मोजक्या घरांत. कुणाचे मामा आखाती देशात असत, कुणाची आत्या अमेरिकेत. बाकीच्यांकडे जे आले ते ब्रिक गेम. मेन रोडवरच्या खेळण्यांच्या दुकानांत आणि रविवार कारंजाच्या आसपास ते टांगलेले असायचे. डाव्या अंगठ्याखाली चार दिशांची बटणे, उजवीकडे ठोकळा फिरवायचे एकच मोठे गोल बटण आणि मधे चालू-बंद, आवाज, रिसेटची लहान बटणे. पडदा राखाडी, त्यावर काळे चौकोन. त्याच चौकोनांची गाडी व्हायची, त्यांचाच रणगाडा आणि त्यांचाच साप. खोक्यावर ‘९९९९ इन १’ छापलेले असे. प्रत्यक्षात दहा-पंधरा खेळ वेगवेगळ्या वेगाने पुन्हा पुन्हा मोजलेले असत, पण त्याची तक्रार कुणी केल्याचे ऐकिवात नाही. दोन सेलवर यंत्र अख्खी मे महिन्याची सुट्टी काढायचे आणि भावंडांत पाळी लावून खेळले जायचे. त्यातला मुख्य खेळ म्हणजे टेट्रिसच होता. योकोईंच्या यंत्राची गोडी आमच्यापर्यंत अशी आडवाटेने, परवान्याशिवाय पोहोचली.

टीव्हीला जोडायच्या गेमचेही तेच. ‘समुराई’ आणि ‘लिटिल मास्टर’ ही नावे त्या पिढीला आजही आठवतात. बहुतेकांच्या घरी मात्र बिननावाचे यंत्र आणि पिवळ्या कॅसेट असत. कॅसेट फुंकून लावायची आणि मारिओ किंवा काँट्रा सुरू करायचा. कॉलनीत एखादा दुकानदार सुट्टीत यंत्र दिवसाच्या भाड्याने द्यायचा. म्हणजे खेळण्याची हौस इथे भरपूर होती, कमी होती ती यंत्रासाठी मोठी रक्कम मोजण्याची तयारी. थंड विक्रीच्या बातम्या वाचताना या दोन गोष्टींची गल्लत सारखी होते.

त्रिमितीचे भूतही निन्टेन्डोच्या मागे जुनेच होते. जुलै १९९५ मध्ये योकोईंचाच व्हर्च्युअल बॉय आला. तिवईवर ठेवलेल्या यंत्रात डोळे घालून लाल-काळी दृश्ये बघायची, हातात धरून खेळता येत नाही, मान अवघडते. साधारण ७ लाख ७० हजार यंत्रांवर तो संपला, तोही वर्षभराच्या आत. योकोई १९९६ मध्ये कंपनीतून बाहेर पडले आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्ता अपघातात गेले. ज्या माणसाने हातातला गेम घडवला त्याच्या नावाशी हे अपयश शेवटी चिकटावे, याचे वाईट वाटते.

पुढची दहा-बारा वर्षे निन्टेन्डोची होती. २००४ च्या अखेरीस दोन पडद्यांचा डीएस आला, अमेरिकेत १४९.९९ डॉलरला. त्याच डिसेंबरात सोनीने पीएसपी हे आपले हातातले यंत्र आणले. डीएसची अखेरची बेरीज १५ कोटी ४० लाख आहे. पीएसपीनेही आठ कोटींच्या आसपास मजल मारली. एवढ्या मोठ्या यशानंतर येणाऱ्या यंत्राकडून कंपनीने मोठी अपेक्षा ठेवावी हे साहजिक होते.

दरम्यान फोनने हळूहळू जागा घेतली. १९९७ मध्ये नोकियाच्या ६११० या फोनमध्ये सापाचा खेळ आला. नाशिकमध्ये तो खऱ्या अर्थाने घरोघरी गेला ३३१० आणि ११०० मधून. नोकियाने २००३ मध्ये एन-गेज काढून फोन आणि गेम एकत्र करण्याचा प्रयत्न केला, पण गेम बदलायचा तर झाकण उघडून बॅटरी काढावी लागे आणि बोलताना फोन कानाशी आडवा धरावा लागे. तो चालला नाही. मग जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर उघडले. २००९ च्या डिसेंबरात अँग्री बर्ड्स आला, किंमत एक डॉलरही नाही. निन्टेन्डोचा एक गेम ४० डॉलरला मिळत होता.

अशा वेळी थ्रीडीएस आला. चष्म्याशिवाय त्रिमिती हे त्याचे मुख्य आकर्षण होते आणि तीच त्याची पहिली अडचण ठरली. त्रिमितीचा तो भास टीव्हीच्या जाहिरातीत दाखवता येत नाही, वर्तमानपत्रात छापता येत नाही. यंत्र हातात घेऊन ठरावीक अंतरावर धरल्याशिवाय दिसतच नाही. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी त्रिमितीत खेळू नये अशी सूचना कंपनीनेच दिली होती, म्हणजे घरात धाकटे भावंड असेल तर आईबापांना विचार करणे आले. बाहेरून यंत्र डीएससारखेच दिसे आणि नावही तसेच, त्यामुळे डीएसचीच आणखी एक आवृत्ती आली असा अनेकांचा समज झाला. एका चार्जवर ते तीन ते पाच तास चाले. जपानमधल्या विक्रीला दोन आठवडे होतात न होतात तोच ११ मार्चला भूकंप आणि सुनामी आली.

ही सगळी कारणे खरी आहेत, तरी माझ्या मते सर्वांत जड कारण गेमचे होते. पहिल्या दिवशी मारिओ नव्हता. इतर कंपन्यांच्या गेमना जागा मिळावी म्हणून निन्टेन्डोने आपले मोठे गेम मागे ठेवले होते आणि इतर कंपन्यांनी ती जागा भरली नाही. ऑनलाइन दुकान जूनपर्यंत उघडलेच नाही. २५० डॉलर देऊन यंत्र घरी न्यायचे आणि त्यावर आपल्या आवडीचा खेळ कधी येईल याची वाट बघायची, एवढा धीर डीएसच्या ग्राहकाकडे उरला नव्हता, कारण त्याच्या खिशात दुसरे काही आले होते.

कंपनीने दुखणे ओळखले आणि उपाय वेळेत केले, हे मात्र मान्य करायला हवे. किंमत तर उतरवलीच, शिवाय ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले होते त्यांना जुने वीस गेम मोफत दिले. नोव्हेंबरात सुपर मारिओ थ्रीडी लँड आला, डिसेंबरात मारिओ कार्ट ७. जपानमध्ये पीएसपीचा कणा असलेला मॉन्स्टर हंटर त्याच महिन्यात थ्रीडीएसवर आला. पुढे २०१३ मध्ये त्रिमिती काढून टाकलेला टूडीएस १२९.९९ डॉलरला विकायला ठेवला. म्हणजे ज्या वैशिष्ट्यावर यंत्र उभे केले तेच कंपनीने बाजूला काढले, पण गेम तेच ठेवले. थ्रीडीएसची शेवटची बेरीज ७ कोटी ५९ लाख झाली. सावरला, नक्कीच. पण डीएसच्या निम्म्यावर, आणि उरलेल्यांपैकी बरेचजण फोनकडे गेले ते गेलेच.

पीएसपीनंतर आलेल्या सोनीच्या व्हिटाची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. १७ डिसेंबर २०११ ला तो जपानमध्ये आला. पाच इंची ओलेड पडदा, दोन ॲनालॉग स्टिक, यंत्र म्हणून अप्रतिम. पहिल्या आठवड्यात सव्वातीन लाखांच्या आसपास विक्री झाली, दुसऱ्या आठवड्यात ती पाऊण लाखाच्याही खाली आली. त्याला सोनीचेच खास मेमरी कार्ड लागे आणि अमेरिकेत ३२ जीबीचे कार्ड १०० डॉलरला होते. किंमत उतरवायला कंपनीने फेब्रुवारी २०१३ उजाडू दिला. तोवर तिचे लक्ष त्याच वर्षी येणाऱ्या, टीव्हीला जोडायच्या पीएस ४ कडे वळले होते. पुढे व्हिटाचे वेगळे आकडे देणेच सोनीने थांबवले. पहिल्या सहा महिन्यांत निन्टेन्डो धावली आणि सोनी थांबून राहिली, एवढा फरक मला या दोन गोष्टींत दिसतो.

२०१७ च्या मार्चमध्ये आलेला निन्टेन्डोचा स्विच टीव्हीलाही जोडता येत होता आणि पहिल्या दिवशी झेल्डा हा कंपनीचा मोठा गेम त्याच्यासोबत होता. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या स्विच २ ची चार दिवसांत ३५ लाख यंत्रे गेली. म्हणजे फोनच्या जमान्यातही हातातले यंत्र खपते, फोनवर न मिळणारे काही पहिल्याच दिवशी मिळाले तर.

नाशिकमध्ये हा तराजू आजही फोनकडेच झुकलेला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि २०१८ पासून पबजीने कट्टे ताब्यात घेतले. २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आला आणि पोरे पुन्हा खेळायला लागली. मधल्या दहा महिन्यांतही त्यांनी वेगळे यंत्र घेतले नाही, दुसरा गेम डाऊनलोड केला. एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानात एखादा हँडहेल्ड मांडलेला असला की काउंटरवरचे बोलणे साधारण असेच होते. वडील यंत्र उलटसुलट करून विचारतात, “दादा, याच्यात सिम बसतं का?” “नाही काका, हे फक्त गेमचं आहे.” “मग एवढ्यात चांगला मोबाइल येतो की.” मुलगा तेवढ्यात बटणे दाबून पाहत असतो. जुलै २०२३ मध्ये असूसने आरओजी अलाय हा हँडहेल्ड भारतात अधिकृतपणे आणला तो ६९,९९० रुपयांना. त्या पैशात इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीसाठी बरा लॅपटॉप येतो आणि घरात निवड बहुधा तीच होते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गेम कन्सोल २८ टक्क्यांच्या कप्प्यात टाकले गेले होते, म्हणजे सरकारनेही ही चैनीचीच वस्तू मानली.

निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलेलाच नाही. तरी नाशिकच्या हौशी मुलांकडे तो दिसतो. कुणी दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवतो, कुणी आयात केलेला माल ठेवणाऱ्या दुकानदाराकडून घेतो. कंपनीची वॉरंटी इथे चालत नाही, म्हणून स्टिक बिघडली की मोबाइल दुरुस्तीवाल्याकडेच जावे लागते. निन्टेन्डोच्या विक्रीच्या तक्त्यात जपान, अमेरिका खंड आणि इतर असे तीन रकाने असतात. दुबईहून आलेले यंत्र ‘इतर’मध्ये मोजलेले असते आणि टोकियोहून आलेले ‘जपान’मध्ये.