'शेक' म्हणजे हात टेकणं नव्हे
मिरजेच्या स्टँडवर हमखास ऐकू येतं, "घशाचा कॅन्सर ना? कापूनच टाका. शेक देतात ते डॉक्टरांनी हात टेकल्यावर." साफ चूक. स्वरयंत्राचा कॅन्सर लवकर सापडला, तर लेझर ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दोन्हींचा गुण जवळपास सारखाच. वाढलेल्या आजारातही, १९९१ च्या अमेरिकी अभ्यासात केमो-शेक घेतलेल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं. जगण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांइतकंच. गाठ स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, फोडून बाहेर गेली असेल, तर मात्र सहसा ऑपरेशनच बरं.

शेकही सोपा नाही बरं का! आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. तोंडाला कोरड, दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा गिळवत नाही. किडके दात आधीच काढून घ्या. शेकानंतर दात काढला, तर जबड्याची जखम भरता भरत नाही.