लॅपटॉप चालू, पडदा काळा: दिसत नाही की बूटच होत नाही?

बटण दाबलं, दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळाच. दुकानात याला सरसकट 'नो डिस्प्ले' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण या एका नावाखाली दोन अगदी वेगळे बिघाड येतात. एकात विंडोज नीट सुरू झालेली असते, फक्त दिसत नाही. दुसऱ्यात मशीन बूटच झालेलं नसतं, म्हणजे सुरू होऊन विंडोजपर्यंत पोचलेलंच नसतं, मग पडद्यावर यायचं तरी काय? पहिल्यात रॅम बदलली काय आणि दुसऱ्यात नवी स्क्रीन घातली काय, पैसे वायाच.

पंखा आणि दिवा यांच्यावर विसंबू नका. त्यांना चालू करणारी चिप वेगळी असते. प्रोसेसरने एकही काम केलं नाही तरी पंखा फिरतो. त्यापेक्षा कॅप्स लॉक खरं बोलतो. मिनिटभर थांबून ते बटण दाबा. दर वेळी दिवा लागला-विझला तर मशीन बहुतेक जागं आहे. प्रतिसाद नाही, दिवा आपोआप ठरावीक लयीत लुकलुकतोय किंवा लॅपटॉप काही सेकंदांनी बंद होऊन पुन्हा सुरू होतोय, तर ते बूट होत नाही. कॅप्स लॉकला दिवाच नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. विंडोज चालू असेल तर 'टिक' असा बारीक आवाज येतो.

आता मोबाइलचा टॉर्च. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पडद्याजवळ तिरका धरून हळूहळू फिरवा. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो, मागचा बॅकलाइट तिला उजळवतो. तो गेला तरी चित्र काचेत तयार होतच असतं. टॉर्चच्या झोतात घड्याळाचे आकडे किंवा पासवर्डची चौकट पुसट दिसली, तर निदान जवळपास झालंच: बॅकलाइट, त्याचा मदरबोर्डवरचा फ्यूज किंवा बिजागरीतून जाणारी केबल. झाकण विशिष्ट कोनात धरल्यावर पडदा क्षणभर उजळत असेल तर केबलच धरा. ओएलईडी पडद्याला मात्र ही चाचणी लागू नाही. तिथे बॅकलाइटच नसतो.

टॉर्चमध्येही काही दिसत नसेल तर एचडीएमआयने टीव्ही जोडा. इथे बरेच जण फसतात. बूट होताना काही लॅपटॉप बाहेरच्या पडद्यावर काहीच पाठवत नाहीत. म्हणून मिनिटभर थांबा, मग विंडोज आणि पी दाबून, खालचा बाण आणि एंटर मारा. एकदा नाही जमलं तर पुन्हा. टीव्हीवर चित्र आलं तर रॅम आणि प्रोसेसर संशयातून बाहेर. टीव्ही कोराच राहिला, तर तेवढ्यावरून मदरबोर्ड गेला असं ठरवू नका.

डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर आणखी सोपं आहे: डी हे बटण दाबून ठेवून पॉवर बटण दाबा. पडदा चांगला असेल तर तो एकामागून एक पूर्ण रंग दाखवतो. त्याच कंपनीत दिव्याच्या लुकलुकण्यालाही अर्थ असतो. २ पिवळे आणि ३ पांढरे म्हणजे रॅम सापडत नाही. २ आणि ७ म्हणजे पडद्याची तक्रार.

बूट न होणाऱ्या मशीनमध्ये सुरुवात रॅमपासूनच करावी. अॅडॉप्टर काढा, आतल्या बॅटरीचं कनेक्टर सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकला; पट्टी स्वतःच तिरकी उठते. सोनेरी कडा मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झटका. शाई खोडायची खरखरीत बाजू वापरू नका, सोन्याचा मुलामा निघतो. पट्टी तिरकी घालून, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सारा आणि मग खाली दाबा. क्लिपांचा 'टक्' असा आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक, दोन्ही स्लॉटमध्ये आलटून पालटून. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) असेल तर बदलानंतरचं पहिलं बूट काही मिनिटं काळ्या पडद्यावरच जातं. घाबरून बटण दाबू नका. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल किंवा एवढं करूनही हालचाल नसेल, तर पुढचं काम बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) आणि पॉवर लाइन तपासणाऱ्याचं.

पहिल्या प्रकारात, म्हणजे विंडोज चालू पण दिसत नाही तेव्हा, पडद्याची केबल काढून पुन्हा बसवायचा मोह होतो. बसवा, पण बॅटरीचं कनेक्टर आधी सोडवा. लॅपटॉप बंद असला तरी बोर्डावर बॅटरीचा करंट असतो. त्या ३० किंवा ४० पिनांच्या बारीक कनेक्टरमध्ये बॅकलाइटची लाइन असते, तिच्यावर बॅटरी किंवा अॅडॉप्टरइतका व्होल्टेज येतो. आणि थोड्याच अंतरावर पडद्याची ३.३ व्होल्टची लाइन आणि सिग्नलच्या नाजूक पिना. केबल तिरकी ओढली गेली आणि दोन पिना टेकल्या, तर नशिबाने फ्यूज उडतो. नशीब नसेल तर तो व्होल्टेज सिग्नलच्या तारांवरून थेट प्रोसेसरपर्यंत पोचतो, आणि नुसतं दिसत नसलेलं मशीन आता बूटही होत नाही.