आटे गेले, पण कुठपर्यंत?

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. साहजिकच इथल्या गॅरेजांत रोज नाना तऱ्हेची इंजिनं उघडलेली दिसतात आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आटे गेले ना भो!" बोल्ट नुसता फिरत राहतो, आवळला जात नाही. बोल्टचेच आटे गेले असतील तर चिंता नाही, हार्डवेअरच्या दुकानातून दुसरा आणता येतो. भोकातले गेले तर मात्र पंचाईत होते, कारण ते भोक इंजिनाच्या हेडमध्ये (वरच्या झाकणात) किंवा ब्लॉकमध्ये (मुख्य धडात) असतं. त्यातून ते हात पोहोचत नाही अशा जागी असेल, तर बरेच मिस्त्री सरळ हेड उतरवायची भाषा करतात. दर वेळी त्याची गरज नसते.

आधी आटे जातात का ते पाहू. हेड सहसा असतं ॲल्युमिनियमचं, प्लग (ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) आणि बोल्ट पोलादाचे. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, आणि तापल्यावर ते फुगतं जवळपास दुप्पट. बोल्ट आवळला की सगळ्या आट्यांवर सारखा ताण येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तोंडाजवळचा पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार झेलतो आणि पुढे तो झपाट्याने कमी होत जातो. शंभर सीसीच्या मोटरसायकलींत सहसा 10 मिलिमीटरचा प्लग असतो. त्याला 10 ते 12 न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळायचं नसतं. म्हणजे वीतभर, 20 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच-सहा किलोचा जोर. इंजिन गरम असताना फूटभर पाना घेऊन अंगातली ताकद लावणारा माणूस याच्या कितीतरी पट पुढे जातो. भरीला आपल्याकडची धूळ आहेच. काळ्या मातीची ती बारीक पूड प्लगभोवतीच्या खाचेत साचते, प्लग काढताना आट्यांत उतरते आणि नवा प्लग बसवताना कानशीसारखी घासते. प्लग सैल करण्याआधी हवा मारायला दहा सेकंदही लागत नाहीत, तरी ती मारली जात नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न: आटे कुठपर्यंत गेलेत? प्लग तिरका लागून नुकसान झालं असेल तर ते बहुधा तोंडाशीच असतं, पहिल्या दोन-तीन आट्यांत. आतले आटे शाबूत असतात. साधा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, मात्र बाहेरून आत जातो, म्हणजे जिथे रस्ता मोडला आहे तिथूनच सुरुवात करतो. खोल नळीच्या तळाशी, लांब एक्स्टेन्शन लावून फिरवलेला टॅप जराही कलला की जुन्या दोन आट्यांच्या मधूनच नवी वाट पाडतो. 14 मिलिमीटरच्या प्लगवर आट्यांतलं अंतर असतं अवघं 1.25 मिलिमीटर. चुकायला तेवढं पुरतं.

यावरचा उपाय मला फार हुशारीचा वाटतो. बॅक टॅप नावाचं हत्यार मिटलेल्या अवस्थेत भोकातून आरपार आत सोडतात, तिथे त्याचे दाते फाकवतात आणि मग उलटं फिरवत बाहेर आणतात. ते आधी शाबूत आट्यांत बसतं, त्यांच्याकडून दिशा घेतं आणि त्याच दिशेने तोंडाकडचे बिघडलेले आटे सरळ करत येतं. चुराही बाहेरच ओढला जातो. मात्र भोक आरपार हवं. प्लगचं तसं असतं, सायलेन्सर धरणाऱ्या स्टडचं (बिनडोक्याच्या बोल्टचं) पुष्कळदा नसतं.

हे हत्यार नसलं तर जुन्या प्लगच्या आट्यांवर उभ्या तीन-चार खाचा पाडून तोच ग्रीस लावून फिरवणारे कारागीर आहेत. किरकोळ बिघाडाला ते चालतं. तो प्लग धातू फारसा कापत नाही, वाकलेला आटा जागेवर बसवतो. आटे मुळातच झडले असतील तर त्याचा काही उपयोग नाही. टेफ्लॉनची टेप किंवा एपॉक्सी भरणं हा उपाय नव्हेच.

पूर्ण गेलेल्या आट्यांसाठी हेलिकॉइल. ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंग असते; तारेचा छेद पत्त्यांतल्या चौकटसारखा असतो. 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक साधारण 6.3 पर्यंत मोठं करायचं, खास टॅपने आटे पाडायचे आणि स्प्रिंग आत फिरवायची. मोकळी असताना ती भोकापेक्षा जाड असते, त्यामुळे आत गेल्यावर बाहेरच्या बाजूला दाब देऊन घट्ट राहते. ॲल्युमिनियममधले नवे आटे आता 6 ऐवजी सव्वासात मिलिमीटरच्या वर असतात, शिवाय तारेचे वेढे किंचित सरकून भार वाटून घेतात. म्हणून दुरुस्त भोक मूळच्यापेक्षा दणकट होऊ शकतं. विमानांच्या कित्येक भागांत तर ती नव्यातच बसवतात.

अडचणीच्या जागी खरी कसोटी ड्रिल सरळ धरण्याची. शेजारच्या शाबूत भोकाला जाड पट्टी आवळून त्या पट्टीतल्या भोकातून ड्रिल उतरवलं की ते कलत नाही. काटकोनी ड्रिल आणि आखूड केलेला बिटही कामाला येतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियमचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, म्हणून सिलिंडरमध्ये पडलेला कण हवेनेच काढावा लागतो. प्लगच्या भोकात आणखी दोन धोके आहेत. हेलिकॉइल फिरवायला तिच्या टोकाला आडवी शेपटी असते. ती नंतर तोडतात, पण इथे तुटली की थेट पिस्टनवर. त्यामुळे इथे बिनशेपटीची किंवा भरीव बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) बरी. दुसरं म्हणजे लांबी. बुश ज्वलनकक्षात डोकावली तर लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. आखूड पडली तर उघड्या आट्यांवर कार्बन साचतो.

नवा प्लग मात्र पान्याने सुरू करू नये. वीतभर रबरी पेट्रोल पाइप प्लगच्या टोकावर चढवायचा आणि थंड इंजिनात, बोटांनी पाइप फिरवत प्लग खाली न्यायचा. आधी थोडा उलटा फिरवला की आटा जुळताना हलका टक जाणवतो, मग सुलटा. आटे तिरके लागले तर रबर प्लगवरून घसरतं, जोर पोहोचतच नाही. हाताने पूर्ण टेकला, की नव्या वायसरच्या प्लगला पान्याचा साधारण अर्धा फेरा पुरतो.