उशाशी टांगलेला सांडवा

डोक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला निदान काही दिवस तरी जागचे हलवू नये, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. त्यामुळे अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्टने अशा रुग्णाला खाटेच्या कडेवर बसवायला घेतले, की काचेपलीकडून पाहणाऱ्या नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. त्यातच रुग्णाच्या कवटीतून एक बारीक नळी बाहेर आलेली असेल आणि ती उशाजवळच्या दांड्यावर टांगलेल्या पिशवीला जोडलेली असेल, तर भीतीला पारावार राहत नाही. नातेवाईक अशा वेळी रुग्णाच्या लटपटणाऱ्या पायांकडे पाहत असतात. जाणती परिचारिका मात्र त्याच्या कानाकडे पाहत असते.

या नळीला डॉक्टर ‘ईव्हीडी’ (एक्स्टर्नल व्हेंट्रिक्युलर ड्रेन, म्हणजे मेंदूच्या पोकळीतून बाहेर काढलेली निचऱ्याची नळी) म्हणतात. आपल्या मेंदूत चार पोकळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो. शालेय पुस्तकांत त्याचे नाव प्रमस्तिष्क-मेरुद्रव असे दिलेले असते. येथे सोयीसाठी त्याला मेरुद्रव म्हणू. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी सुमारे 150 मिलिलिटर मेरुद्रव असतो, परंतु दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर, म्हणजे तासाला साधारण 20 मिलिलिटर, नव्याने तयार होतो आणि तेवढाच रक्तात परत शोषला जातो. मेंदूतील धमनीचा फुगवटा फुटून रक्तस्राव झाला किंवा एखाद्या गाठीने वाट अडवली, तर उत्पादन चालूच राहते आणि निचरा मात्र तुंबतो. कवटी हाडाची असल्यामुळे तिला फुगता येत नाही, म्हणून आतील दाब वाढतो. अशा वेळी न्यूरोसर्जन कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे, बहुधा उजव्या बाजूला एक लहानसे छिद्र पाडून मऊ नळीचे टोक थेट पोकळीत ठेवतात आणि द्रवाला बाहेरची वाट काढून देतात. निर्जंतुक पद्धतीने असा निचरा करण्याचा पहिला प्रयत्न कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये केला, तर नळीवाटे कवटीतील दाब सलग मोजत राहण्याची पद्धत स्वीडनमधील निल्स लुंडबर्ग यांच्या 1960 च्या कामामुळे रुळली.

आता या नळीची खरी गंमत. ती सलाइनसारख्याच दांड्यावर लटकत असल्यामुळे अनेकांना दोन्ही एकाच जातीच्या वाटतात, पण त्यांचे काम नेमके उलटे चालते. सलाइनची बाटली जितकी उंच, तितका द्रव शरीरात जोराने शिरतो. ईव्हीडीमध्ये उंची ही अडवण्यासाठी असते. डोक्यातून आलेली नळी आधी एका उभ्या पारदर्शक नळकांड्यात उघडते, तेथे द्रव थेंब-थेंब पडतो आणि मग पिशवीत उतरतो. या नळकांड्याचे तोंड कानाच्या भोकाच्या पातळीपेक्षा, समजा, 15 सेंटिमीटर वर बांधले, तर कवटीतील दाब 15 सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलू शकेल तेव्हाच थेंब पडेल, एरवी नाही. धरणाचा सांडवा असाच चालतो: पाणी माथ्यापर्यंत चढल्याशिवाय बाहेर पडत नाही आणि माथा किती उंच ठेवायचा हे बांधणारा ठरवतो. पाऱ्याच्या भाषेत हे 15 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 11 मिलिमीटर; आडव्या झोपलेल्या निरोगी प्रौढाच्या कवटीतील दाब साधारण 7 ते 15 मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे सांडव्याची ही उंची कोठून आली ते कळते.

कानच का, असे कोणी विचारील. आडव्या पडलेल्या माणसात कानाच्या भोकाची पातळी मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या पातळीशी साधारणपणे जुळते आणि कान बाहेरून दिसतो, एवढेच त्याचे महत्त्व. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन खांबांची पातळी जुळवतो, तीच ही पाणसळ. फरक इतकाच की यातील एक खांब श्वास घेत असतो आणि त्याला मध्येच उठून बसावेसे वाटते.

तो उठून बसला तर काय होईल, याचा हिशेब करून पाहू. सपाट झोपलेल्या रुग्णाला सरळ बसवले की त्याचा कान अंदाजे 55 सेंटिमीटर वर जातो. दांड्यावरचे नळकांडे जागचे हलले नाही, तर जे कानाच्या 15 सेंटिमीटर वर होते ते आता 40 सेंटिमीटर खाली आले. सांडवा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी पिंपातून रॉकेल ओढणारी नळी तयार झाली, जिची ओढ पाऱ्याच्या सुमारे 29 मिलिमीटर इतकी आहे. निरोगी मेंदूच्या चारही पोकळ्यांत मिळून जेमतेम 25-30 मिलिलिटर द्रव असतो, त्यामुळे अशी नळी थोडा वेळ उघडी राहिली तरी पोकळ्या मिटू लागतात, मेंदू कवटीपासून आत ओढला जातो आणि दोहोंमधल्या नाजूक शिरा ताणल्या जाऊन फाटू शकतात. फुटलेला फुगवटा अजून बंद केलेला नसेल तर धोका आणखी वाढतो, कारण बाहेरचा दाब एकाएकी घटला की फुगवट्याच्या भिंतीवर आतून येणारा ताण वाढतो. म्हणून अशा रुग्णाला सहसा उठवत नाहीत. उलट, खाट खाली नेली आणि नळकांडे वरच राहिले, तर निचरा थांबतो आणि दाब साचत जातो. जेवण भरवायचे म्हणून एखाद्या नातेवाइकाने प्रेमाने खाटेचा दांडा फिरवला, तरी हेच सारे घडू शकते.

यावरचा उपाय साधा आहे, पण त्याचा क्रम चुकवून चालत नाही. हलवण्यापूर्वी नळीवरची तोटी बंद करायची, मग रुग्णाला बसवायचे, नंतर नळकांडे नव्या जागेवरच्या कानाशी लेसरने किंवा पाणसळीने जुळवायचे आणि त्यानंतरच तोटी उघडायची. काही ठिकाणी व्यायाम संपेपर्यंत तोटी बंदच ठेवतात आणि पडद्यावरचा दाब पाहत राहतात. तो 20-22 मिलिमीटरच्या वर टिकून राहिला, डोके दुखू लागले, उलटी झाली किंवा गुंगी आली, तर रुग्णाला परत झोपवतात. एका माणसाने केवळ नळी सांभाळायची, दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. नळकांडे आडवे होऊ द्यायचे नाही, कारण त्याच्या हवेच्या छिद्रावरची जाळी ओली झाली की निचरा अडतो. आणि परत झोपवल्यावर तोटी उघडायला विसरायचे नाही. तासाला 20 मिलिलिटर या दराने मेंदू आपले काम करीतच असतो.

येथे भौतिकशास्त्राची आणखी एक खोच आहे. मेंदूतील आणि पाठीच्या कण्याभोवतीचा मेरुद्रव ही एकच सलग पिशवी आहे. माणूस उभा राहिला की या पिशवीत वर दाब घटतो, खाली वाढतो आणि मानेच्या खालच्या मणक्यांच्या आसपास तो जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणूनच ताठ बसलेल्या निरोगी माणसाच्या कवटीतील दाब शून्याच्या जवळ किंवा किंचित उणेही असतो. याचा अर्थ असा, की पातळी अगदी अचूक जुळवली तरी बसलेल्या रुग्णाच्या नळीतून थेंब कमी पडतात आणि ते स्वाभाविक असते. त्याच वेळी डोके हृदयापेक्षा वर गेल्यामुळे मेंदूपाशी पोहोचणारा रक्तदाबही घटलेला असतो. मेंदूला रक्त ढकलणारा जोर हा या दोन दाबांमधील फरक असल्यामुळे, एक आकडा पाहून दुसरा विसरणे परवडत नाही.

इतका खटाटोप करण्यापेक्षा रुग्णाला झोपवूनच ठेवावे, असे वाटू शकते. परंतु अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात, पायांच्या शिरांत गुठळ्या होतात आणि फुप्फुसांत कफ साचतो. ओस्लो विद्यापीठाच्या रुग्णालयात फुगवटा बंद केल्यानंतर लवकर हालचाल सुरू केलेल्या रुग्णांत गुंतागुंत वाढली नाही आणि मेंदूच्या धमन्या आकसण्याचे प्रमाणही कमी दिसले. मात्र त्या अभ्यासात रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली नव्हती, हे विसरू नये. ‘जितके लवकर तितके उत्तम’ अशी घोषणा देणाऱ्यांनी पक्षाघातावरील ‘अॅव्हर्ट’ चाचणीही वाचावी. पाच देशांतील 2,104 रुग्णांच्या या चाचणीत पहिल्या 24 तासांतच जोरदार हालचाल करवलेल्या गटात तीन महिन्यांनी चांगली स्थिती असलेले 46 टक्के निघाले, तर नेहमीच्या गटात 50 टक्के. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

‘पाठीतले पाणी काढले की माणूस पांगळा होतो’ आणि ‘डोक्यातले पाणी काढले की बुद्धी जाते’ या भीतीपोटी उपचाराला नकार देणारी कुटुंबे आजही भेटतात. बुद्धी मेरुद्रवात विरघळलेली नसते. तो द्रव दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बदलतच असतो.

रुग्ण सुधारू लागला की अनेक ठिकाणी सांडव्याचा माथा दर दिवशी थोडा-थोडा वर नेतात, शेवटी तोटी बंद करून पाहतात आणि स्कॅनमध्ये पोकळ्या फुगल्या नाहीत तर नळी काढून टाकतात. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या कातडीखालून डोक्यापासून पोटापर्यंत कायमची नळी घालावी लागते, जिला शंट म्हणतात. तेथे जुळवायला दांडा नसतो आणि तोटी बंद करायला परिचारिकाही नसते. रुग्ण रोज सकाळी उठून उभा राहतो आणि डोके पोटापेक्षा अर्धा मीटर उंच जाते. त्यामुळे अनेक शंटच्या झडपांत एक छोटीशी यंत्रणा बसवलेली असते, जी माणूस उभा राहिला की वाट अरुंद करते आणि झोपला की पुन्हा मोकळी करते.